तांडा, खटारा, छोटा हत्ती : नाशिकच्या वाटेवर लांब पल्ला कसा आखूड झाला

नाशिकच्या आडगाव नाक्यावर किंवा द्वारका चौकाच्या आसपास मालवाहू गाड्यांच्या रांगेत थोडा वेळ उभे राहिले, की चालकांच्या बोलण्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात : 'लाइन' आणि 'लोकल'. लाइनवरचा चालक कांदा भरून दिल्ली, कोलकाता, गुवाहाटीपर्यंत जातो आणि महिन्यातल्या मोजक्या रात्री घरी झोपतो. लोकलवरचा चालक अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून सुटे भाग उचलतो, पंचवटीच्या बाजारात भाजी उतरवतो आणि रात्री घरी जेवतो. मुले शाळेत जाऊ लागली, पाठीचे दुखणे जडले, एखादा अपघात अगदी जवळून पाहिला, की लाइनवरचा माणूस लोकल शोधू लागतो.

ही निवड आपण सहसा खासगी समजतो. वय झाले, संसार वाढला, दमला बिचारा. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक वेगळाच प्रश्न पडतो. लांबचा रस्ता आणि घर यांपैकी एकच निवडावे लागते, हे केव्हापासून सुरू झाले? कारण मालवाहतुकीचा धंदा काही ट्रकबरोबर जन्मला नाही. दख्खनच्या याच वाटांवर शतकानुशतके अशी एक व्यवस्था होती, जिच्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. हा धागा त्या व्यवस्थेविषयी आहे, आणि ती मोडल्यावर काय घडले त्याविषयी.

प्रथम थोडे दूर जाऊ. साल १६३२. ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी नावाचा इंग्रज नोकर उत्तर हिंदुस्थानात प्रवास करीत असताना त्याला वाटेत एक तांडा भेटला. चौदा हजार बैल, सगळे धान्याने लादलेले, अशी त्याची नोंद आहे. बैलामागे साधारण सव्वाशे किलो ओझे धरले, तर हा आकडा सुमारे १,७५० टनांचा होतो. आजच्या तीस टन वाहणाऱ्या ट्रकच्या हिशेबाने जवळजवळ साठ गाड्या. फरक एवढाच, की तांड्याची दिवसाची मजल दहा-अकरा किलोमीटरच्या पलीकडे जात नसे. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. समोरून असा तांडा आला, की तो पुढे सरकेपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, अशी त्याची तक्रार आहे. कसारा घाटातल्या कोंडीविषयी कुरकुरणाऱ्यांनी ही पूर्वपरंपरा ध्यानात घ्यावी.

हेच लोक दख्खनमध्ये लमाण, बंजारा, चारण अशा नावांनी ओळखले जात. (लमाण-बंजारा आणि नाशिक, नगर, बीडकडचा वंजारी समाज हे दोन वेगळे समाज आहेत, दोघांच्याही परंपरेत बैलावरून मालवाहतूक असल्यामुळे जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्यांची वारंवार गल्लत होते. वाचताना सावध राहावे.) घाटमाथ्यावरून कोकणात धान्य उतरे आणि कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोण टाकली, की त्याला रस्ता लागत नसे, पायवाट पुरे. थळ घाट, नाणेघाट, माळशेज अशा चढणींवर चाक चालणे कठीण होते, तेव्हा खूर चालत होता.

मराठीतला 'पल्ला' हा शब्द पाहा. अंतर या अर्थाने तो आपण रोज वापरतो. जुन्या व्यवहारात तो वजनाचेही नाव होता : १२० शेरांचा एक पल्ला. एकाच शब्दात ओझे आणि वाट. व्युत्पत्तीच्या भानगडीत मी पडत नाही. पण वाहतूकदाराच्या जगात या दोन गोष्टी किती जवळ होत्या, हे त्यावरून सहज उमगते.

आता या धंद्याचे गणित पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

तांड्याचे इंधन फुकट होते. हजारो बैल वाटेतल्या गायरानांवर, पडीक रानांवर, जंगलाच्या कडेने चरत जात. मजल कमी असण्याचे कारणही हेच. बैलाला चालण्याइतकाच चरायलाही वेळ हवा. घाई केली तर चारा विकत घ्यावा लागेल आणि चारा विकत घेतला तर भाडे परवडणार नाही. संथपणा हा त्या व्यवस्थेचा दोष नव्हता, तिचा पायाच होता.

दुसरे असे, की लमाण हा केवळ भाडेकरी वाहक नव्हता. पुष्कळदा माल त्याचा स्वतःचा असे. जेथे धान्य स्वस्त तेथे घ्यायचे, जेथे महाग तेथे विकायचे. येताना मीठ घ्यायचे आणि वाटेतल्या गावागावांत देत यायचे. फौजाही त्याच्यावर अवलंबून असत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या सैन्याचे पोट याच तांड्यांच्या बैलांवर चालले होते, आणि ते वेळेवर येतील की नाही याची त्याला सतत चिंता असे. फौजेच्या सेनापतीला ज्याची वाट पाहावी लागते, तो माणूस नुसता हमाल नसतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तांडा हेच घर होते. बायका, मुले, म्हातारेकोतारे, कुत्री, भांडीकुंडी, सारे बरोबर. नायक हा तांड्याचा प्रमुख, न्यायनिवाडा त्याच्यापुढे. पावसाळ्यात वाटा चिखलाने बंद झाल्या, की एखाद्या चाऱ्याच्या जागी चार महिने मुक्काम पडे आणि लग्नकार्ये त्याच दिवसांत उरकली जात. म्हणजे थांबणे हाही जगण्याचाच भाग होता. बैल सुधारत, वासरे वाढत, सोयरिकी जुळत. उभ्या गाडीचे नुकसान ही कल्पना या जगाला ठाऊक नव्हती.

येथे एक इशारा देणे भाग आहे. या जीवनाचे गोडगुलाबी चित्र काढण्याची हौस सध्या फार दिसते. वाटेवर आजार होते, लूटमार होती, ठिकठिकाणी जकातवाल्यांचा जाच होता. दुष्काळात सर्वांत आधी बैल मरत, आणि बैल मेला की माणूस उघडा पडे. तरीही लांबच्या वाटेने माणसाला घरापासून तोडले, असे त्या काळाविषयी म्हणता येत नाही.

तांड्याच्या जोडीला आणखी एक पात्र होते : हुंडेकरी. ठरावीक रकमेत, वाटेतल्या जकाती आणि खर्च धरून, माल मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी घेणारा तो हुंडेकरी. आजच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा तो पूर्वजच म्हणावा लागेल. त्याच्यापाशी स्वतःचे बैल असतीलच असे नाही. त्याच्यापाशी विश्वास असे, आणि माणसांची माहिती. माल कोणाचा, जनावर कोणाचे आणि जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न हुंडेकऱ्याने एकमेकांपासून वेगळे केले. तांड्यात ते पुष्कळदा एकाच माणसापाशी असत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र पालटू लागले. १८२५-२६ च्या सुमारास हैदराबादेतील विकाजी आणि पेस्तनजी या पारशी सावकारांच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर थेट मुंबईस पाठवण्यास आरंभ केला. त्याआधी तिकडचा कापूस बैलांवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. मुंबईचे बंदर आता देश ओढू लागले होते. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. पुढे थळ घाटातून नाशिककडे येणारा मुंबई-आग्रा रस्ताही गाड्यांच्या वाहतुकीचा झाला. घाटात चाक आले.

चाकाबरोबर खटारा आला आणि दोन बैलांची जोडी पाठीवर वाहील त्याच्या कितीतरी पट माल ओढू लागली. परंतु खटाऱ्याला रस्ता लागतो, रस्त्याला टोल लागतो, आणि गाडीवानाला परत यायला गाव लागते. गाडीवान हा बहुधा शेतकरी. सुगी आटोपली, की बैल गोठ्यात बसवून खायला घालण्यापेक्षा तो भाड्यावर निघे. नाशिकहून मुंबईकडे जाऊन परत येणे हा आठवड्यांचा प्रवास होता. पण बायकामुले गावीच राहत. घर आणि वाट यांची फारकत खरे तर येथेच सुरू झाली, आगगाडी येण्याच्याही आधी. या टप्प्याकडे इतिहासलेखनात फारसे लक्ष जात नाही. आपण तांड्यावरून एकदम रेल्वेवर उडी मारतो.

मग रेल्वे आली. मुंबई-ठाणे १८५३, कल्याण १८५४, हे आपण शाळेत पाठ करतो. नाशिकच्या दृष्टीने खरी गंमत त्यापुढे आहे. १८६१ मध्ये रूळ घाटाखाली कसाऱ्यापर्यंत पोचले. त्याच वर्षी घाटाच्या वर, इगतपुरीपासून नाशिकमार्गे चाळीसगावपर्यंत गाडी सुरू झाली, आणि १८६३ मध्ये ती भुसावळला पोचली. मधला थळ घाट मात्र तयार नव्हता. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, ३७ फुटांमागे एक फूट अशी चढण. कसारा-इगतपुरी जोडणी पूर्ण झाली ती १ जानेवारी १८६५ रोजी.

म्हणजे जवळजवळ चार वर्षे रेल्वे खाली होती, रेल्वे वर होती, आणि मधले पंधरा-सोळा किलोमीटर बैलांच्या स्वाधीन होते.

आता ही चार वर्षे कोणती ते पाहा. १८६१ ते १८६५ : अमेरिकेतील यादवी युद्धाचा हा तंतोतंत काळ. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. खानदेशचा कापूस इगतपुरीला उतरायचा, खटाऱ्यात चढायचा, घाट उतरायचा, कसाऱ्याला पुन्हा आगगाडीत चढायचा. वरच्या मार्गासाठी लागणारे जड सामानही उलट दिशेने याच चढणीवरून न्यावे लागले. ज्या यंत्राने बैलगाडीचा धंदा बुडवायचा, त्याला डोंगरावर चढवण्यासाठी बैलगाडीच लागली. घाटातल्या गाडीवानाला इतके काम त्याआधी किंवा त्यानंतर क्वचितच मिळाले असेल.

मला ही चार वर्षे फार बोलकी वाटतात. लांब पल्ल्याचा वाहक 'लोकल' कसा होतो, याचा पहिला धडा येथे आहे. गाडीवानाचे काम संपले नाही. उलट काही काळ ते वाढले. संपली ती त्याची वाट. नाशिक ते मुंबई हा पल्ला आता त्याचा नव्हता. इगतपुरी ते कसारा एवढा तुकडा त्याच्या वाट्याला आला. तुकड्याचा मालक दुसरा होता, आणि तो तुकडा कधी संपणार हेही दुसऱ्याच्या वेळापत्रकावर ठरलेले होते. १८६५ च्या पहिल्या दिवशी तो संपला. पाच वर्षांनी, १८७० मध्ये, मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे सलग झाला आणि दूरच्या मालाचा प्रश्नच मिटला.

तांड्यांचे काय झाले? केवळ रेल्वेने त्यांना संपवले असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे आहे. मुंबई इलाख्यात नव्या महसूल पाहणीनंतर पडीक जमीन नांगराखाली येत गेली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलातली चराई सरकारी परवानगीची बाब झाली. फुकटचे इंधन आटले. आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. तो पुढे टप्प्याटप्प्याने इतर प्रांतांत पसरला आणि अनेक ठिकाणी बंजारा गटांनाही लागू झाला. जी भ्रमंती कालपर्यंत व्यापार होती, ती आता संशयाचे कारण ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या कचाट्यातून मुक्त झाल्या; महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती' या शीर्षकाखाली येतो तो या इतिहासामुळे.

तांडा हे चालते गाव होते, ते थांबले. 'तांडा' हा शब्द आता वस्तीचे नाव म्हणून उरला आहे. मात्र एक गोष्ट विलक्षण आहे. आजही दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून, नगर-नाशिकच्या कोरडवाहू तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांत बंजारा आणि वंजारी मोठ्या संख्येने आहेत. ऊस तोडायचा, गाडीत भरायचा, कारखान्यावर पोचवायचा. बायकामुलांसह वाटेवर जगण्याची रीत टिकून राहिली. पण माल कारखान्याचा, दर टनामागे ठरलेला, आणि मुकादमाची उचल आधीच डोक्यावर. तांड्याचे शरीर राहिले, व्यापार गेला.

नाशिककडे परतू. आगगाडीने शहराला एक विचित्र देणगी दिली. स्टेशन गावात झालेच नाही. ते गावापासून सुमारे नऊ किलोमीटरवर राहिले आणि त्याभोवती 'नाशिक रोड' नावाचे दुसरेच गाव वाढले. त्यामुळे नाशिकला आरंभापासूनच लोकल वाहतूक ही गरज होती. यात्रेकरू, धान्य, तांब्या-पितळेची भांडी, लाकूड, सगळे या नऊ किलोमीटरवरून जाणार. टांगे आले, भाडोत्री गाड्या आल्या. लासलगाव, मनमाड, नांदगाव ही स्टेशने आसपासच्या गावांचा माल ओढू लागली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि मनमाडचे महत्त्व आणखी वाढले. जो गाडीवान महिनाभर मुंबईच्या वाटेवर असे, तो आता सकाळी गावातून निघून संध्याकाळी स्टेशनवरून परतू लागला.

रोज घरी. वरवर पाहता ही सुखाचीच गोष्ट. पण हिशेब मांडा. स्टेशनवर गाडी केव्हा खाली होईल, हे गाडीवानाच्या हाती नाही. मालाचा डबा आला नाही, आडत्याचा माणूस आला नाही, पाऊस लागला, तर बैल जुंपलेले आणि माणूस उभा. भाडे फेरीचे, उभे राहण्याचे नाही. शिवाय स्पर्धा कोणाशी? सुगीनंतर मोकळ्या बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याशी. त्याचे बैल तसेही गोठ्यात खातच होते. जे मिळेल ते त्याला वरकड. ज्याचे पोट केवळ भाड्यावर, त्याने या दराशी झुंजायचे कसे? लांबच्या वाटेवर ही अडचण कमी होती, कारण महिनाभर घर सोडून जाणे प्रत्येक शेतकऱ्याला शक्य नसे. जवळच्या कामाचा दर नेहमी पडका राहतो, त्याचे एक कारण येथे सापडते : ते काम करू शकणारी माणसे फार असतात.

या शेवटच्या तुकड्याची किंमत दुष्काळात कळली. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात रेल्वेने धान्य स्टेशनपर्यंत आणले. परंतु स्टेशनापासून गावापर्यंत नेणारे बैलच उपासमारीने मरत होते. शेकडो मैल आलेले धान्य शेवटच्या दहा मैलांत अडे.

नाशिकचा ट्राममार्ग हा या गोष्टीतला छोटासा, पण लोभस अध्याय. १८८९ मध्ये नाशिक रोड ते शहरातील मेनरोड अशी अरुंद रुळांची, घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. प्लेग आणि दुष्काळ यांनी तिचे कंबरडे मोडले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. तोपर्यंत मोटार आली होती.

मोटारट्रकने काय केले, हे आता नीट पाहता येईल. त्याने लांबचा रस्ता माणसाला परत दिला. रेल्वेने साठ-सत्तर वर्षे बळकावलेला मुंबई-आग्रा मार्ग पुन्हा मालाने भरू लागला. सरकारला याची धास्ती वाटली. रेल्वेचे उत्पन्न जाईल म्हणून रस्ता-रेल्वे स्पर्धेची चौकशी झाली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची चौकट घातली. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या बाजारात आल्या. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. प्रवासी वाहतूक १९४८ पासून एस. टी.कडे गेली, मालवाहतूक मात्र खासगी हातांत राहिली, आणि त्यातही एक-दोन गाड्यांच्या छोट्या मालकांच्या हातांत.

म्हणजे तांडा परत आला काय? नाही. रस्ता परत आला, घर आले नाही. केबिनमध्ये दोन माणसांची जागा : चालक आणि क्लीनर. बायकोमुलांची जागा ट्रकच्या मागच्या फळीवर, रंगवलेल्या नावांत. आई, गुरुजी, कुलदैवत, 'सोनू-मोनू', सगळे कुटुंब गाडीवर लिहिलेले असते, फक्त गाडीत नसते. लांब पल्ला आणि घर यांतून एक निवडा, हा जो पेच आज आडगाव नाक्यावरच्या चालकापुढे आहे, तो असा टप्प्याटप्प्याने घडला : खटाऱ्याने त्याची सुरुवात केली आणि ट्रकने त्याला त्याचे आजचे रूप दिले. तो निसर्गनियम नव्हे.

दरम्यान शहराची लोकल वाहतूकही बदलली. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आली, ओझरला विमानांचा कारखाना आला, नंतर अंबड वाढले. मोठ्या कारखान्याला शेकडो लहान पुरवठादार लागतात आणि त्यांच्यामध्ये दिवसभर धावणारे टेम्पो लागतात. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कामगार कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे ते फळ. ओझे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालाला मंडळ मिळाले, नोंदणी मिळाली, ठरलेला दर मिळाला. त्याच गाडीच्या स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला मात्र असे मंडळ मिळाले नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस असे त्यात लिहिले होते. पण तो लागू होत असे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. एका टेम्पोचा मालक स्वतःच चालक असेल, तर तो कोणाकडे तास मोजून मागणार?

आणि असे मालक-चालक पुढे फार झाले. २००५ मध्ये टाटांची 'एस' आली, जिला आपण सगळे 'छोटा हत्ती' म्हणतो. थोडी रक्कम भरून, उरलेले हप्त्याने, लाइनवरचा पगारी चालक एका रात्रीत गाडीमालक होऊ लागला. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्याच्या खटाऱ्याने स्टेशनच्या भाड्याचे जे केले, ते आता छोट्या हत्तीने शहरातल्या भाड्याचे केले. गाड्या वाढल्या, दर पडले. फरक एवढा, की शेतकऱ्याच्या बैलांवर हप्ता नव्हता.

लाइन सोडण्याची कारणेही अलीकडे वाढली आहेत. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघाले नाहीत आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. थांबलो तर जमाव मारील, पळालो तर दहा वर्षे, असा चालकांचा युक्तिवाद होता. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, संप मिटला, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उशिरा का होईना, त्या केबिनमध्ये माणूस बसतो याची दखल घेतली गेली.

मग लाइन सोडून लोकल धरणाऱ्याला नेमके काय मिळते? घर मिळते, आणि ते फार मोठे आहे. ज्याने मुलाचे पहिले पाऊल फोनवर पाहिले त्याला विचारू नये. जाते ते काय? लाइनवर भत्त्यातून शिल्लक टाकता येत असे, परतीचे भाडे स्वतः जुळवता येत असे, कोठे थांबायचे हे पुष्कळसे आपल्या हाती असे. लोकलमध्ये दिवस दुसऱ्याच्या फाटकावर जातो. गाडी भरायला उभी, गाडी खाली व्हायला उभी. लांबच्या भाड्यात 'हॉल्टिंग'चे पैसे निदान बोलीत तरी असतात. शहरातल्या फेरीत दोन तास उभे राहण्याला नावही नाही. तांड्याचा चार महिन्यांचा मुक्काम त्याचा स्वतःचा होता. स्टेशनच्या आवारात जुंपलेल्या बैलांमागे उभ्या राहणाऱ्या गाडीवानापासून हा वेळ कोणाचा हा प्रश्न सुरू झाला, आणि अंबडच्या फाटकावर तो अद्याप उभाच आहे.

जकात असताना नाशिकच्या वेशीवर, विल्होळीला, आडगावला गाड्यांच्या रांगा लागत. २०१३ मध्ये जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि नाके ओस पडले. आता रस्ताच बाजूला सरकतो आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. कसारा घाटाला वळसा घालून, इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून नागपूरचा ट्रक थेट कोकणात उतरतो. नाशिक शहर त्याला लागतच नाही. शहराचा माल भरवीर, इगतपुरी, सिन्नरच्या बाजूने लहान गाड्यांत येईल. आगगाडीचे स्टेशन नऊ किलोमीटरवर होते. हे उतार त्याहून बरेच लांब आहेत.

या विषयावर वाचताना एक अडचण सतत जाणवते. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर व्यापार आणि रस्ते यांविषयी भरभरून बोलते, पण गाडीवानाचा स्वतःचा शब्द त्यात नाही. विसाव्या शतकाचे तरी तसे होऊ नये. तुमच्या घरी आजोबांच्या जुन्या बिल्ट्या, परवान्यांची पुस्तके, जकातीच्या पावत्या, पहिल्या ट्रकसमोर काढलेला फोटो असे काही असेल, तर फेकू नका. तारीख आणि मार्ग वाचता येईल असे छायाचित्र येथे खाली टाका. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईच्या वाटेवर खटारे हाकणाऱ्या घराण्याची आठवण कोणाकडे असेल, मग ती ऐकीव का असेना, तर ती जरूर लिहा. कोणत्या गावचे, वाटेत मुक्काम कोठे पडत आणि परतताना काय भरून आणीत, एवढे सांगितले तरी पुरे.